आईच्या डोळ्यांचें ऑपरेशन : माहितीची पारख

घरांतील वडील माणसाच्या डोळ्यांचें ऑपरेशन करावयाचें आहे, अशी वार्ता एकदां आप्तेष्टांच्या कानीं गेली कीं माहितीला तोटा राहत नाहीं. शेजारच्या काकू म्हणतात, "अहो, पंधरा मिनिटांचें तें काम! दुसऱ्या दिवशीं मीं वर्तमानपत्र वाचलें." मामा म्हणतात, "मधुमेह्याच्या डोळ्याला हत्यार लावूंच देऊं नये. जखम भरून येत नाहीं." आत्याबाईंचा सल्ला असा, कीं मोतीबिंदु पुरता पिकूं द्यावा, घाई कशाला? एखादा उत्साही भाचा मोबाईलवर आलेली, गाजराच्या रसानें चष्मा सुटल्याची हकीकत वाचून दाखवितो. जिच्या डोळ्यांविषयीं हें सारें चाललेलें असतें ती आई मुकाट्यानें बसलेली असते; आणि ज्याच्यावर निर्णयाचा भार आहे त्या मुलाची किंवा मुलीची स्थिति, दहा घड्याळें असलेल्या घरांत नेमके किती वाजले हें न कळणाऱ्या माणसासारखी होते.

श्रोतेहो, रेडिओवरून कोणाचाही डोळा तपासतां येत नाहीं. तेव्हां अमुक उपचार करा आणि तमुक टाळा, असें सांगण्याचा अधिकार या भाषणाला नाहीं. तो अधिकार प्रत्यक्ष डोळा पाहणाऱ्या नेत्रतज्ज्ञाचा आहे. परंतु त्या तज्ज्ञापुढें जाऊन बसण्यापूर्वीं काय जाणून घ्यावें, कोणाचें म्हणणें कितपत प्रमाण मानावें आणि कोणते प्रश्न विचारावे, याचा विचार घरांतल्या घरांत करतां येण्याजोगा आहे. तो करण्याची गरजही थोडीथोडकी नाहीं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्यानें झालेल्या आणि इ. स. २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें आपल्या देशांतील मधुमेह्यांची संख्या सुमारें १० कोटी १० लाख आहे. म्हणजे आज हें भाषण ऐकणाऱ्या बहुतेक घरांचा या ना त्या नात्यानें या विषयाशीं संबंध आहे.

पहिली गोष्ट ही, कीं "डोळ्यांचें ऑपरेशन" हा शब्दच आपणांस फसवितो. या एका नांवाखालीं चार निरनिराळे उपचार मोडतात. आणि काकूंचा अनुभव एका उपचाराचा, मामांची भीति दुसऱ्याची, व आईला सांगितलेला उपचार तिसराच, असें पुष्कळदां घडतें. म्हणून "डॉक्टर कोणता चांगला?" या प्रश्नाच्या आधीं "आजार कोणता आणि ऑपरेशन कोणतें?" हा प्रश्न आला पाहिजे. तो नीट समजण्यास डोळ्याची रचना थोडी आठवावी. डोळा हा फोटो काढण्याच्या यंत्रासारखा आहे. पुढें भिंग असतें. अगदीं मागें, जेथें चित्र उमटतें, तेथें पडदा असतो, त्याला दृष्टिपटल म्हणतात. आणि या दोहोंच्या मधली पोकळी एका स्वच्छ, चिकट, पारदर्शक पदार्थानें भरलेली असते. पडद्याच्या मध्यभागीं एक लहानसा ठिपका आहे. वाचणें, सुईंत दोरा ओवणें, माणसाचा चेहरा ओळखणें, हें सर्व बारीक काम त्या ठिपक्याच्या जिवावर चालतें.

भिंग गढूळ झालें म्हणजे मोतीबिंदु झाला. मधुमेह्यांस तो इतरांपेक्षां लौकर होण्याचा संभव असतो. गढूळ भिंग काढून त्या जागीं कृत्रिम भिंग बसविणें हा त्यावरील उपचार. लंडनमध्यें हॅरल्ड रिडले या शस्त्रवैद्यानें २९ नोव्हेंबर १९४९ रोजीं असें कृत्रिम भिंग प्रथम डोळ्यांत बसविलें; आणि अमेरिकेंत चार्ल्स केलमन यांनीं इ. स. १९६७ मध्यें, ध्वनिलहरींनीं जुन्या भिंगाचा चुरा करून तो बारीक छिद्रांतून ओढून घेण्याची रीति प्रचारांत आणली. काकूंचें पंधरा मिनिटांचें काम तें हें. डोळ्याचा बाकीचा भाग निरोगी असेल तर या ऑपरेशननें गेलेली दृष्टि बहुधा परत येते.

परंतु मधुमेहाचा खरा घाव बसतो तो मागच्या पडद्यावर. रक्तांतील साखर वर्षानुवर्षें वाढलेली राहिली म्हणजे पडद्यांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या दुबळ्या होतात. कांहीं पाझरूं लागतात व मधल्या ठिपक्यावर सूज येते. कांहीं बंद पडतात, आणि त्यांच्या जागीं नव्या, पण अत्यंत नाजूक रक्तवाहिन्या उगवतात. त्या फुटल्या कीं डोळ्याच्या पोकळींत रक्त सांडतें. त्यांच्याभोंवतीं तंतु जमले कीं ते पडद्याला ओढून त्याच्या जागेवरून सोडवितात. या विकाराचा कपटीपणा असा, कीं पुष्कळ दिवस त्याचें कांहींच लक्षण जाणवत नाहीं. "मला चांगलें दिसतें" या वडिलांच्या शब्दावरून पडदा निरोगी आहे असें ठरत नाहीं. बाहुली औषधानें मोठी करून आंतून पाहणें हीच त्याची परीक्षा. आणि प्रौढपणीं जडणाऱ्या नेहमींच्या मधुमेहांत ही परीक्षा रोगाचें निदान होतांच एकदां, व पुढें साधारणतः दर वर्षीं व्हावयास पाहिजे.

या पडद्याच्या विकारावर तीन उपचार आहेत. पहिला लेसर किरणांचा. पडद्याच्या कडेकडेच्या भागावर किरणांचे बारीक डाग देऊन नव्या रक्तवाहिन्यांची वाढ थोपविली जाते. अमेरिकेंत या उपचाराची जी मोठी पारख झाली, तिचे निष्कर्ष इ. स. १९७६ मध्यें प्रसिद्ध झाले व त्यांत दृष्टि गंभीरपणें जाण्याचें प्रमाण निम्म्याहून अधिक घटल्याचें दिसून आलें. दुसरा उपचार डोळ्याच्या पोकळींत दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनचा. मधल्या ठिपक्याची सूज त्यानें उतरते. हें इंजेक्शन एकदां घेऊन भागत नाहीं. आरंभीं बहुधा दरमहा, आणि पुढें गरजेप्रमाणें तें घ्यावें लागतें. तिसरा उपचार म्हणजे पोकळींतील रक्त व ओढणारे तंतु काढून टाकण्याची मोठी शस्त्रक्रिया. रॉबर्ट मॅकेमर यांनीं अमेरिकेंतील मायामी येथें इ. स. १९७० मध्यें तिचा पाया घातला. तींत कधीं डोळ्यांत वायु भरतात. तो जिरेपर्यंत विमानप्रवास वर्ज्य असतो आणि कांहीं रोग्यांस ठराविक काळ मान खालीं घालून राहावें लागतें. कधीं सिलिकॉनचें तेल भरतात. तें काढण्यास पुष्कळदां दुसरें ऑपरेशन लागतें. ज्या घरीं म्हाताऱ्या माणसाची मान दुखते, किंवा ज्यांचा मुलगा परगांवीं आहे, त्यांनीं या गोष्टी आधींच विचारून ठेवणें किती जरूर आहे हें सांगावयास नको.

आतां या चार उपचारांची वचनें एकमेकांशेजारीं मांडून पाहा. मोतीबिंदूचें ऑपरेशन म्हणतें, "पडदा शाबूत असेल तर मी दृष्टि परत देतें." लेसर म्हणतो, "आहे ती राखण्याचा प्रयत्न करतों, परत आणण्याचें माझें वचन नाहीं," आणि त्याच्या मोबदल्यांत कडेची व रात्रीची नजर थोडी कमी होऊं शकते. इंजेक्शनानें कित्येकांची नजर सुधारते, पण तें चिकाटी मागतें. शेवटची मोठी शस्त्रक्रिया होते तेव्हां डोळा आधींच संकटांत असतो. तिचें यश त्या मानानेंच मोजावें लागतें. हा भेद ठाऊक नसला म्हणजे घरांत मोठी निराशा पदरीं येते. लेसर करून आलेली आई "मला पूर्वींपेक्षां कांहीं जास्त दिसत नाहीं" म्हणते, मुलें डॉक्टरांवर रुष्ट होतात, पुढची तपासणी टळते. आणि जो डोळा वांचला असता तो या रुसव्यांत जातो.

पुष्कळ रोग्यांच्या एकाच डोळ्यांत मोतीबिंदु आणि पडद्याचा विकार हे दोन्ही नांदत असतात, व गोंधळ येथेंच अधिक होतो. अशा वेळीं केवळ मोतीबिंदु काढला तर पडद्याची सूज वाढण्याचा संभव असतो. म्हणून पडदा आधीं तपासून, त्यावर उपचार लागणार असेल तर तो शक्य तेथवर आधीं किंवा ऑपरेशनच्या बरोबरीनें करण्याचा विचार तज्ज्ञ करतात. आत्याबाईंचा "पिकूं द्या" हा सल्ला एका गेलेल्या काळाचा आहे. मधुमेह्याच्या बाबतींत तर तो घातकही ठरूं शकतो. कारण भिंग पुरतें गढूळ झालें कीं त्यामागचा पडदा डॉक्टरांस दिसत नाहीं, आणि सोनोग्राफीनें अंदाज करावा लागतो. मामांच्या भीतींत मात्र सत्याचा अंश आहे. साखर फार वाढलेली असतां जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. परंतु त्यावरून मधुमेह्याचें ऑपरेशन होऊंच नये असें निघत नाहीं. साखर, रक्तदाब व मूत्रपिंडें यांकडे मधुमेहाच्या डॉक्टरांनीं लक्ष देऊन ऑपरेशन करावें, एवढेंच निघतें. ऑपरेशनची तारीख आली म्हणून चार दिवस उपाशी राहून साखर एकदम खालीं आणण्याचा खटाटोप घरच्या घरीं करूं नये. तोही अपायकारक आहे.

आतां माहितीच्या पारखीकडे वळूं. न्यायालयांत साक्षीदार उभा राहिला म्हणजे न्यायाधीश प्रथम पाहतो, कीं या माणसानें प्रत्यक्ष काय पाहिलें आहे? त्यानें पाहिलें तेवढ्यापुरतीच त्याची साक्ष ग्राह्य. हाच नियम आपण घरीं लावावा. शेजारच्या काकू खोटें बोलत नाहींत. त्या रुग्णालयांत किती वेळ तिष्ठावें लागलें, परिचारिका वृद्धांशीं कसें वागतात, सांगितलेला खर्च आणि प्रत्यक्ष बिल यांत किती अंतर पडलें, थेंब कसे घालावे हें कोणी नीट समजावलें कीं नाहीं, या बाबतींत त्यांची साक्ष पहिल्या प्रतीची आहे. ती अवश्य घ्यावी. पण आपल्या आईच्या पडद्याविषयीं त्यांनीं कांहींच पाहिलेलें नाहीं. काकूंना मधुमेह नव्हता, हें तर त्यांच्या गोष्टींत पुष्कळदां सांगावयाचेंच राहून जातें.

दुसरा साक्षीदार जाहिरात. या साक्षीदाराचा खटल्यांत पैशाचा संबंध आहे, हें प्रथम ध्यानांत धरावें. वैद्यक व्यवसायाच्या आचाराविषयींचे इ. स. २००२ चे नियम डॉक्टरांनीं जाहिरात करून रोगी ओढणें अनुचित ठरवितात. तरी "शंभर टक्के यश", "टांका नाहीं, दुखणें नाहीं, चष्मा नाहीं" अशीं वाक्यें आपण रोज वाचतों. यंत्राचें नवेपण म्हणजे परिणामाचें चांगलेपण, अशी समजूत अशा वाक्यांनीं रुजते. एक उदाहरण घ्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे कांहीं टप्पे लेसरनें करण्याची महाग रीति निघाली. तिची नेहमींच्या रीतीशीं तुलना करणाऱ्या दोन मोठ्या प्रयोगांचे निष्कर्ष, एका ब्रिटनमधील व एका फ्रान्समधील, इ. स. २०२० मध्यें प्रसिद्ध झाले. नव्या रीतीनें रोग्याला अधिक चांगलें दिसतें, असें त्यांत आढळलें नाहीं. तसेंच जवळचें व लांबचें दोन्ही दाखविणारीं महाग भिंगें निरोगी डोळ्यांस सोयीचीं असतीलही; पण ज्याच्या पडद्याचा मधला ठिपका मधुमेहानें दुखावला आहे अशा रोग्याला तीं सहसा सुचविलीं जात नाहींत. आईवरील प्रेम भिंगाच्या किंमतीनें मोजूं नये. अंधुक पडद्यासमोर कितीही भारी भिंग ठेवलें तरी चित्र अंधुकच उमटणार.

तिसरा साक्षीदार छापील किंवा इंटरनेटवरील माहितीपत्रक. मदुरेचें अरविंद नेत्र रुग्णालय इ. स. १९७६ मध्यें अवघ्या ११ खाटांवर सुरू झालें; चेन्नईचें शंकर नेत्रालय इ. स. १९७८ मधलें. अशा शिकविण्याचें व संशोधनाचें काम करणाऱ्या संस्थांनीं, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांनीं आणि नेत्रतज्ज्ञांच्या मंडळांनीं रोग्यांसाठीं लिहिलेली माहिती सामान्यतः भरंवशाची समजावी. पण नांव मोठें एवढ्यावर थांबूं नये. चार खुणा पाहाव्या. लेखावर तारीख आहे काय? लिहिणारा कोण, हें सांगितलें आहे काय? फायद्याबरोबर धोकेही सांगितले आहेत काय? आणि हा उपचार कोणाला लागू नाहीं, हें लिहिलें आहे काय? ज्या पत्रकांत धोक्याचा एकही शब्द नाहीं तें माहितीपत्रक नसून आमंत्रणपत्रिका आहे असें समजावें.

चौथा साक्षीदार शास्त्रीय प्रयोग. त्याची भाषा कठीण, पण बाणा साधा आहे. सारख्या स्थितींतील रोग्यांचे, चिठ्ठ्या टाकाव्या तसे, गट पाडावयाचे. एकेका गटाला एकेक उपचार द्यावयाचा. आणि ठराविक काळानें कोणाला किती दिसतें तें मोजावयाचें. यांत एकाच्या नशिबाची गोष्ट शेंकडों माणसांच्या हिशेबांत विरून जाते व खरें तें वर राहतें. परंतु या साक्षीदारालाही नीट उलटप्रश्न विचारावा लागतो. ठिपक्याच्या सुजेवरील तीन औषधें, अफ्लिबरसेप्ट, बेव्हासिझुमॅब व रानिबिझुमॅब, यांची तुलना करणारा अमेरिकन प्रयोग इ. स. २०१५ मध्यें प्रसिद्ध झाला. ज्यांची नजर थोडीच कमी झाली होती त्यांस पहिल्या वर्षांत तिन्ही औषधांचा गुण जवळजवळ सारखा आला; ज्यांची बरीच कमी झाली होती त्यांस पहिल्याचा अधिक आला. यांतील बेव्हासिझुमॅब पुष्कळ स्वस्त आहे. "सर्वांत चांगलें औषध कोणतें?" या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाहीं. "माझ्या आईच्या डोळ्यासारख्या डोळ्याला कोणतें?" असें विचारलें तर आहे.

आतां या साऱ्यांहून श्रेष्ठ असा साक्षीदार आपल्याच घरीं कपाटांत पडलेला असतो. तो म्हणजे आईचे स्वतःचे कागद. मधुमेह किती वर्षांचा, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, रक्तदाबाच्या नोंदी, मूत्रपिंडाची तपासणी, चालू औषधांची यादी, पूर्वींचे चष्म्याचे नंबर, पडद्याचे फोटो, सूज मोजणाऱ्या ओसीटी तपासणीच्या प्रती, पूर्वीं घेतलेल्या इंजेक्शनच्या तारखा, हें सर्व तारीखवार एका फाईलींत लावावें. रुग्णालयाकडे राहिलेली कागदपत्रें मागितल्यास ती ७२ तासांच्या आंत दिलीं पाहिजेत, असें वर सांगितलेले इ. स. २००२ चे नियमच म्हणतात. तेव्हां मागण्यांत संकोच कसला? अशी फाईल पाहिली म्हणजे दहा मिनिटांच्या भेटींतही तज्ज्ञाला पुष्कळ सांगतां येतें. दोन ओसीटीच्या प्रती शेजारीं ठेवून सूज वाढली कीं उतरली, हें तो आपल्याला बोटानें दाखवूं शकतो.

डॉक्टरांपुढें जातांना प्रश्न कागदावर लिहून न्यावे. स्मरणावर भिस्त ठेवूं नये. आईला मोतीबिंदु आहे, पडद्याचा विकार आहे, कीं दोन्ही? पडदा बाहुली मोठी करून पाहिला काय? सुचविलेल्या उपचारानें दृष्टि वाढेल, कीं आहे ती टिकेल? कांहींच केलें नाहीं तर सहा महिन्यांत काय होण्याचा संभव आहे? दुसरा मार्ग कोणता? धोके कोणते, आणि आईच्या प्रकृतीमुळें त्यांत कांहीं भर पडते काय? ऑपरेशन स्वतः कोण करणार, आणि या प्रकारचीं ऑपरेशनें ते नेहमीं करतात काय? एकूण किती फेऱ्या व किती खर्च? हे आठ प्रश्न पुरेत. शेवटून दुसऱ्या प्रश्नांत उद्धटपणा मानूं नये. नेत्रतज्ज्ञांतही पडद्याचे तज्ज्ञ वेगळे असतात. मोतीबिंदूंत निष्णात असलेले सद्गृहस्थ स्वतःच, "हें काम माझें नव्हे, अमक्यांकडे जा," असें सांगतील. तें सांगणाऱ्याविषयीं आपला आदर वाढावा. डॉक्टरांची नोंदणी व पदवी महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदवहींत पाहतां येते. मुंबईंत सर जमशेटजी जीजीभॉय रुग्णालयाच्या आवारांतील नेत्र रुग्णालय किंवा कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयाचा नेत्रविभाग येथें दुसरें मत घेतां येतें. दुसरें मत हा पहिल्या डॉक्टरांचा अपमान नव्हे. दोन्ही मतें जुळलीं तर मन निःशंक होतें, आणि नच जुळलीं तर कां जुळलीं नाहींत हें विचारण्यास जागा मिळते.

मात्र पारख करण्यालाही काळवेळ असते. डोळ्यापुढें एकाएकीं काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडूं लागला, पडदा ओढल्यासारखी सावली आली, नजर एकदम गेली, किंवा ऑपरेशननंतर दुखणें व लाली वाढत जाऊन दिसणें कमी झालें, तर तो दिवस माहिती जमविण्याचा नव्हे. त्याच दिवशीं नेत्रतज्ज्ञ गांठला पाहिजे. रविवार आहे, पाहुणे यावयाचे आहेत, उद्यां पाहूं, असें म्हणण्यांत डोळे गेलेले आहेत. याउलट, साध्या मोतीबिंदूंत पंधरा दिवस विचार करण्यानें बहुधा कांहीं बिघडत नाहीं; "आजच पैसे भरलेत तर सवलत" असें कोणी म्हणाल्यास उठून यावें.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सुशिक्षित घरांतील मुलें आईवडिलांच्या आजाराची माहिती मोठ्या दक्षतेनें गोळा करतात, आणि पुष्कळदां ती त्यांच्यापासूनच लपवून ठेवतात. "तिला कशाला घाबरवायचें?" हा त्यामागचा भाव प्रेमाचा असतो, यांत शंका नाहीं. आईही म्हणते, "तुम्ही शिकलेलीं मुलें, तुम्हांला कळतें तें करा." पण डोळा तिचा आहे. सर्वोच्च न्यायालयानें इ. स. २००८ मध्यें दिलेल्या एका निर्णयांत असें सांगितलें आहे, कीं उपचाराचें स्वरूप, फायदे, धोके व पर्याय समजून रोग्यानें स्वतः दिलेली संमति हीच खरी संमति. त्या खटल्यांत भुलीखालीं असलेल्या प्रौढ मुलीच्या वतीनें तिच्या आईनें दिलेली संमति न्यायालयानें ग्राह्य धरली नाहीं. आईला मुलीच्या वतीनें सही करतां आली नाहीं, तर मुलाला आईच्या वतीनें कशी येईल?

कायद्याचें सोडा, व्यवहाराच्या दृष्टीनेंही तिला विचारणें भाग आहे. "आई, तुला दिसण्याची अडचण नक्की कोठें येते?" असा प्रश्न घरांतील किती जणांनीं विचारलेला असतो? एखादी म्हणेल, मला पोथी वाचतां आली पाहिजे. एखादी म्हणेल, संध्याकाळीं देवळांतून एकटीला येतां आलें म्हणजे झालें. एखादे वडील मोठ्या कष्टानें सांगतील, कीं इन्शुलिनच्या पिचकारीवरील रेघा मला दिसत नाहींत, अंदाजानेंच औषध भरतों. हें शेवटचें वाक्य ऐकल्यावर साखर वर-खालीं कां होते याचाही उलगडा होईल. कोणता उपचार योग्य, कोणतें भिंग पुरे, लेसरनें रात्रीची नजर थोडी कमी झाली तर चालेल कीं नाहीं, या प्रश्नांचीं निम्मीं उत्तरें तज्ज्ञाजवळ असतात. उरलेलीं निम्मीं केवळ रोग्याजवळ असतात. म्हणून डॉक्टरांच्या खोलींत मधली खुर्ची आईला द्यावी, प्रश्न तिला विचारूं द्यावे, आणि उत्तर मराठींत, तिला ऐकूं जाईल अशा आवाजांत द्यावें, अशी विनंति आपण करावी.

ऑपरेशन झालें म्हणजे काम संपलें असें मानूं नये. थेंबांच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावाव्या, इंजेक्शनच्या तारखा लग्नामुंजींसाठीं पुढें ढकलूं नयेत, आणि दर वर्षींची पडद्याची तपासणी दिवाळीच्या सामानाइतकी नेमानें व्हावी. अमेरिका व कॅनडा येथें झालेल्या व इ. स. १९९३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, तरुणपणीं जडणाऱ्या मधुमेहांत साखर कसोशीनें आटोक्यांत ठेवल्यास पडद्याचा विकार नव्यानें जडण्याचा धोका ७६ टक्क्यांनीं कमी झाला; पुढें इ. स. १९९८ मध्यें इंग्लंडांतून आलेल्या निष्कर्षांनीं प्रौढांच्या मधुमेहांतही साखर आटोक्यांत ठेवण्याचा सूक्ष्म रक्तवाहिन्यांना फायदा होतो, हें दाखविलें. एका डोळ्याच्या ऑपरेशनच्या निमित्तानें घरानें हें एवढें जरी शिकून घेतलें, तरी दुसरा डोळा वांचण्याचा संभव वाढतो. आणि ज्यांचे आईवडील मधुमेही आहेत त्या मुलांनीं आपलीही साखर एकदां तपासून घ्यावी, हें येथें सुचवून मी आपली रजा घेतों.